गेलं कोण आणि मिरवतंय कोण?

सकाळपासून डोकं फिरलंय. चौकात हुतात्मा जवानाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. जवानाचा फोटो कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा. मधोमध हात जोडलेले दिल्लीतले मोठे साहेब आणि खाली नगरसेवकपदाच्या इच्छुकांची रांग. लाज कशी वाटत नाही?

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात मी एकदा संध्याकाळची गेले होते. 2019 मध्ये उघडलेलं हे स्मारक. ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत 25 हजारांहून जास्त नावं. तिथे संध्याकाळी हुतात्म्याच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात. त्या दिवशी एक आजी होत्या. गुडघ्यांनी अधू. शेजारचा जवान त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत सावकाश चालत होता. बिगुल वाजला, आजींनी पुष्पचक्र ठेवलं. एकही भाषण झालं नाही.

नेत्यांनी त्या जवानाकडून शिकावं. पुढे आई चालेल, बायको चालेल, तुम्ही त्यांच्या चालीनं मागून या. पार्थिव आल्यावर माइक हातात घेऊ नका. विरोधकांना टोले तर मुळीच नकोत. 2019 मध्ये निवडणूक आयोगाला पक्षांना पुन्हा बजावावं लागलं होतं, की जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका. हे सांगावं लागतं!

मान्य, देशाच्या प्रमुखाला कधीतरी बोलावंच लागतं. मग लिंकनसारखं बोला. 1863 मध्ये गेटिसबर्गच्या सैनिकी दफनभूमीत ते जेमतेम दोन-तीन मिनिटं बोलले, आणि त्यात ‘मी’ एकदाही आला नाही.

रागाच्या भरात लिहितेय, पण साहेबांनाही आतून गलबलत असेल. माणूसच आहेत. 26 जुलैला कारगिलच्या हुतात्म्यांना वंदन करतात, तेव्हा मलाही बरं वाटतं. कारगिलमध्ये आपले 527 जवान गेले. त्यांच्या घरची माणसं उरलेल्या दिवशीही असतातच ना? त्या आजींना आणायला-सोडायला लष्कराची माणसं होती. गावी परतल्यावर त्यांची कामं कोण करत असेल, हे तेव्हापासून मनातून जात नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे. शवपेटीसमोर मदत जाहीर केली असेल, तर वर्षभरानं त्या घरी साहेबांनी स्वतः फोन करावा. पैसे पोचले का, नोकरीचं पत्र आलं का, विचारावं. अडलं असेल तर त्याच दिवशी मार्गी लावावं आणि त्याचा फोटो कुठेही टाकू नये.