सारंगी घरात ठेवू नये? एक खुलासा

‘सारंगी रडते, घरात अशांती आणते, तिला रामकुंडात सोडा’ असा मेसेज सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. पंचवटीतल्या आमच्या एका काकांनी माळ्यावरची वडिलांची सारंगी पिशवीत भरलीही होती.

मेसेजात तथ्य नाही. समज कुठून आला ते मात्र कळतं. राष्ट्रीय दुखवट्यात आकाशवाणी-दूरदर्शनवर सारंगी लागायची, ती एका पिढीच्या कानात तशीच बसली. एरवी तिची जागा ख्याल-ठुमरीच्या गाण्याच्या साथीला. पंडित रामनारायण यांनी तिला एकल वादनाच्या मंचावर बसवलं. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आवाज कातर का? आतड्याच्या तीन मुख्य तारा गजाने (व्हायोलिनसारख्या) वाजतात. त्या बोटाच्या पेराने दाबत नाहीत. नखाच्या मुळाची कड बाजूने टेकवून सूर घसरत नेतात. खालच्या पस्तीसेक तरफेच्या तारा (न छेडता सोबत कंपणाऱ्या) आपोआप झणकतात. म्हणून ती गळ्यासारखी वाटते. (वादकांच्या नखांकडे बघा, घट्टे दिसतील.)

जपायचंच तर पावसाळ्यात जपा, तिच्यावर मढवलेलं कातडं ओल धरतं. आणि गोदेत निर्माल्य काय कमी आहे? काकांची सारंगी आता दिवाणखान्यात आहे. दोन तारा तुटल्यात, तेवढ्या बसवायच्यात.