कुर्ल्याची फियाट इटालियन कशी करावी?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये आजोबांची फियाट ताडपत्री पांघरून उभी असेल आणि तिचे घसघशीत पैसे यावेत असं वाटत असेल, तर पहिला नियम पाठ करा. ती कुर्ल्यात जन्मली हे कुणालाही सांगायचं नाही. कुर्ला म्हटलं की गिऱ्हाइकाला आठ-पन्नासची फास्ट आणि एलबीएस मार्ग आठवतो. तुरीन, म्हणजे फियाटचं इटलीतलं माहेर, म्हटलं की तोच माणूस खुर्चीत सरसावून बसतो आणि भावात घासाघीस करायचं विसरतो. गाडी तीच, पत्रा तोच, खाली गळणारं तेलसुद्धा तेच.

परवा अंधेरीत 'इम्पोर्टेड, ओरिजिनल इटालियन' डुक्कर फियाट बघून आलो, तेव्हापासून हे शास्त्र गरजूंपर्यंत पोचवावं असं फार वाटतंय. (डुक्कर फियाट म्हणजे पन्नासच्या दशकातली ती गुबगुबीत फियाट ११००. हेही ज्यांना समजावून सांगावं लागतं, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.)

तर इतिहास. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्यात कारखाना उभा केला, आधी क्रायस्लरच्या डॉज-प्लिमथ जोडल्या आणि मग फियाटशी करार केला, हे ठाऊक असलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. गिऱ्हाईक माहितगार निघालंच, तर एक अर्धसत्य खिशात ठेवा. सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग खरोखरच इटलीहून खोक्यांतून यायचे आणि इथे जोडले जायचे. भाग इटालियन, म्हणून गाडी इटालियन! इथला माल किती आणि तिकडचा किती, हे प्रमाण वर्षागणिक बदलत गेलं, ही भानगड काढूच नका.

साल सांगताना मात्र जपून. हे डुक्कर फियाटचं मॉडेल इटलीत १९५३ साली आलं आणि १९६९ साली बंद झालं. त्याचंच पुढचं खानदान कुर्ल्यातून प्रीमियर पद्मिनी होऊन २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत राहिलं. तेव्हा '१९७४ची ओरिजिनल इटालियन' असं लिहून हसं करून घेऊ नका. लोक लिहितात, आणि ती गाडी विकलीही जाते, हा भाग वेगळा.

बुलेट असेल तर नुसतं 'रेडिच' म्हणा, म्हणजे एनफील्डचं इंग्लंडातलं मूळ गाव. तिचा चेन्नईतला कारखाना जिथे आहे ते तिरुवोत्तियूर तसंही कुणाला नीट म्हणता येत नाही.

गाडी कुठलीही असो, ती कुठल्या तरी महाराजांची होती. संस्थानं साडेपाचशेच्या वर होती, एखादं सापडेलच.

युद्धापूर्वीची शेवर्ले किंवा फोर्ड हाती लागली असेल, तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. 'आजोबांनी अमेरिकेहून बोटीने आणली' एवढं एक वाक्य पुरतं. जनरल मोटर्सने १९२८ सालीच आपल्या शिवडीत गाड्या जोडायला सुरुवात केली होती, हे शिवडीतल्या माणसालाही माहीत नसतं. आणि फोर्डचं म्हणाल, तर ब्रिटन सोडून साम्राज्यातल्या बाजारपेठा फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होत्या. त्यामुळे उजव्या स्टिअरिंगची 'अस्सल अमेरिकन' गाडी बरेचदा ओंटारिओतून आलेली निघते. हे सगळं गाडीच्या प्लेटवर लिहिलेलं असतं, पण प्लेट वाचतंय कोण? गिऱ्हाईक आधी बॉनेटवर हात ठेवून फोटो काढतं.

कागदपत्रांचा विषय निघाला तर चहा मागवा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली नियम आले, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार फी आहे, हे तोंडपाठ म्हणून दाखवायचं. आयात केलेल्या गाडीला बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सचा आयातीचा कागद, लागतो आणि आधीच इथे नोंदलेल्या गाडीला जुनं आरसी बुक, हा पुढचा भाग मात्र गिळायचा. कारण तुमची गाडी 'इटालियन' असून बिल ऑफ एन्ट्री नाही, आणि आरसी बुक आहे तर त्यात मेकरच्या रकान्यात प्रीमियर. गिऱ्हाइकाने तिथे बोट ठेवलं तर म्हणा, 'ते क्लार्कने चुकून लिहिलंय हो, आमचा एजंट बघून घेईल.' मला अक्षरशः हेच सांगण्यात आलं.

आता मुख्य कलाकुसर, म्हणजे प्लेट. बॉनेट उघडलं की इंजिनामागच्या पत्र्यावर कारखान्याची एक छोटी प्लेट असते आणि जवळच चेसिस नंबर पंच केलेला असतो. ती प्लेट काढून टाका आणि बाजारातून नवी कोरून आणा. अंधेरीच्या गाडीत ती होती. आजूबाजूला साठ-सत्तर वर्षांचा तेलकट काळा थर आणि मधोमध चकचकीत ॲल्युमिनियम, तेही हल्लीच्या पॉप रिव्हेटने ठोकलेलं. त्यावर लेझरने कोरलेलं 'मेड इन इटली' आणि खाली नंबर. मी मोजला. सतरा अक्षरी! पहिलं अक्षर झेड. म्हणजे या गृहस्थांनी नेटवर शोधून इटलीचं अक्षर झेड आणि भारताचं एम, इथपर्यंत अभ्यास केला होता. फक्त सतरा अक्षरी नंबराची पद्धत रूढ झाली १९८१ च्या सुमाराला, आणि ही गाडी ते पन्नासच्या दशकातली म्हणून विकत होते. डुक्कर फियाटला सतरा अक्षरी नंबर! मी विचारलं तर म्हणाले, 'साहेब, इटालियन कंपनी आहे, त्यांची टेक्नॉलॉजी पुढची होती.'

बरं, इथवर हसून सोडलं असतं. पण शेजारी पंच केलेला खरा नंबर होता, त्यावर ग्राइंडर फिरवून वर पुट्टी भरली होती आणि रंगाचा हात मारला होता. टॉर्च तिरका धरला तर शेवटचे दोन आकडे अजून दिसत होते. अहो, काय केलंत हे? त्या नंबरावर गाडीचं अख्खं अस्तित्व आहे. गाडी कुठे झाली, कधी झाली, इंजिन तिचंच की कुणा टॅक्सीचं, चोरीची आहे की सरळ, सगळं त्या पंचावरून आरसी बुकाशी ताडून बघायचं असतं. तुम्ही ते खरवडून काढलंत. आता ती इटालियन तर झाली नाहीच, कुर्ल्याचीही राहिली नाही. उद्या ट्रान्सफरला नेलीत आणि कुणी पेन्सिल घासून नंबराचा छाप मागितला, तर काय पुट्टीचा छाप देणार? की तोपर्यंत ती माझ्यासारख्याच्या गळ्यात मारलेली असेल म्हणून तुम्हाला काळजी नाही?

आणि भाव कुर्ल्याच्या गाडीच्या तिप्पट!

कुणाकडे तुरीनहून आलेली, कागद असलेली खरी इटालियन असेल, तर तिची किंमत वेगळी असायलाच हवी, कारण तशा गाड्या इथे थोड्या. पण कुर्ल्याची, नंबर जुळणारी, मूळ प्लेट असलेली, एकाच घरात राहिलेली गाडीही काही रस्त्यावर पडलेली नाही. तिची लाज कशाची वाटते तुम्हाला? ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा याच लोकांनी काळ्या-पिवळ्या गाडीला टेकून फोटो टाकले, 'आमची मुंबई' म्हणून गळे काढले. आणि आता त्याच कारखान्यातून निघालेल्या गाडीवरचं नाव खरवडताय, दोन पैसे जास्त मिळतील म्हणून?

घेणाऱ्यांनो, तुम्हीही काही कमी नाही. तुम्ही 'इम्पोर्टेड' ऐकल्यावर बॉनेट उघडत नाही, म्हणूनच यांचं फावतं. आरसी बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो मागा, पंच केलेल्या नंबराचा जवळून फोटो मागा, आणि तो देईपर्यंत टोकनचा एक रुपयाही देऊ नका. आणि विकणाऱ्यांनो, पुढच्या वेळी मला फोन करण्याआधी ती पुट्टी खरवडा.