काटा हलला नाही म्हणून सुटलो?

लग्नसराई लागली की नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदा तीन जणांनी पाठवला. ‘मेंदू फक्त साखरेवर चालतो, म्हणून गोड सोडू नका. इन्सुलिनचा मेंदूशी काही संबंध नाही. पाच दिवस लग्नात दाबून खा, वजन वाढलं नाही तर शुगरची भीती नाही.’ पहिला पाठवणारे काका आमच्यात सगळ्यांत काटक, म्हणून लोकांना पटतोही.

मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, हे खरंच. पण ते संत्रा बर्फीतूनच यावं असा त्याचा हट्ट नसतो. भाकरी-वरणातून मिळतं, पोट रिकामं असेल तर यकृत पुरवतं, आणि उपास लांबला तर मेंदू बराचसा चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवर भागवतो.

इन्सुलिनचं वाक्य अर्ध्या सत्यावर उभं आहे. मेंदूत ग्लुकोज शिरायला बहुतांशी इन्सुलिन लागत नाही, त्यामुळे हा समज पसरला असावा. पण उंदरांच्या मेंदूत ठिकठिकाणी इन्सुलिनचे रिसेप्टर, म्हणजे इन्सुलिनचा निरोप घेणाऱ्या पेशींवरच्या जागा, असल्याचं १९७८ सालीच दिसलं होतं. मग ते तिथे करतात काय? जेवण पोचल्याची वर्दी देतात: भूक आवर, यकृताला साखर सोडणं कमी करायला सांग. २००० साली चेतापेशींतले हे रिसेप्टर काढलेले उंदीर तयार केले, तर ते लठ्ठ झाले आणि त्यांचं शरीरही इन्सुलिनला नीट दाद देईना.

आता ते पाच दिवस. योगायोग असा, की जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी नेमका पाच दिवसांचाच प्रयोग केला; तो २०२५ मध्ये छापून आला. २९ निरोगी पुरुष, त्यातल्या १८ जणांना रोजच्या जेवणावर चॉकलेट-चिप्ससारखं १५०० कॅलरींपर्यंत जादा खाणं. वजनात म्हणावा असा फरक नाही. यकृतातली चरबी मात्र वाढली. नाकातून इन्सुलिनचा फवारा देऊन मेंदू तपासला, तेव्हा त्याचा प्रतिसाद बदललेला होता. नेहमीच्या जेवणावर परतून आठवडा झाला तरी आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पससारख्या भागात तो मंदच. माणसं थोडी, बाई एकही नाही, आणि एका लग्नाने मधुमेह होतो असं त्यातून मुळीच निघत नाही. पण काट्यावर विसंबायचं कशाला, एवढं नक्की निघतं.

काट्याची लबाडी आपल्याकडे आधीच पकडली गेली आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. आमच्या काटक काकांनी तर हा फोटो जरूर पाहावा.

हे सगळं मी त्यांना तलावाच्या पाळीवरच ऐकवलं. म्हणाले, “मंग काय भाऊ, फिरणं बी फुकट का?”

फुकट नाही. त्याच ट्युबिंगेनच्या गटाने वजन जास्त असलेल्या, बैठं काम करणाऱ्या माणसांकडून आठ आठवडे व्यायाम करून घेतला, तर मेंदूचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला. फक्त त्या वेळापत्रकात, काका, फिरून झाल्यावरची तर्री-पोह्याची डबल प्लेट नव्हती.