अंग चोरून सायकल चालवण्याविषयी

शहरात नवे आलात आणि सोबत सायकल आणलीत, उत्तम केलंत. शहराला सायकल फार आवडते. 3 जूनला तर विशेषच. 2018 साली संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस जागतिक सायकल दिन म्हणून ठरवून दिला, तेव्हापासून त्या सकाळी मान्यवर मंडळी नवंकोरं हेल्मेट उलटं घालून फोटोपुरती सायकल चालवतात. उरलेल्या दिवसांत सायकलवाल्यानं अंग चोरून राहावं, एवढीच माफक अपेक्षा असते. जागा कमी घ्यावी, आवाज करू नये, दिसू तर अजिबात नये. नव्या माणसाला हे लगेच साधत नाही. तो येतो आणि रस्ता आपल्याही वाटणीचा असल्यासारखा चालवू लागतो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे चार शब्द.

सुरुवात सीटपासून. सीट इतकी खाली घ्या की बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकतील. जाणकार सांगतात की पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवड्यानं पेडल मारताना गुडघ्यात जेमतेम बाक राहतो. त्यांचं ऐकू नका. त्या उंचीवर माणूस दहा किलोमीटर जाऊनही ताजातवाना राहतो, आणि ताजातवाना सायकलवाला कुणाला जुमानत नाही. सीट खाली असली की प्रत्येक फेरीत गुडघा छातीकडे येतो, काही आठवड्यांत वाटीच्या पुढच्या बाजूला ठणका लागतो, आणि स्वभावात आपोआप नम्रता येते.

टायर 23 मिलिमीटरचे घ्या, पूर्वी शर्यतीच्या सायकलीला असायचे तसे. 35 ते 40 मिलिमीटरचा टायर खडी आणि खड्डे पचवतो, म्हणून तो दिसायला कळाहीन. गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेनं असल्या की 23चा टायर तीत असा चपखल बसतो, जणू माप घेऊनच ओतली होती. मडगार्ड काढून टाका. पावसात पाठीच्या कण्यावरून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ उमटते, तेवढीच ओळख पटते.

आता हवा. हवेच्या टायरचं पेटंट जॉन बॉइड डनलप या पशुवैद्यानं 1888 साली घेतलं. मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे त्याला बघवेनात, तिथून हे सगळं सुरू झालं, आणि तेव्हापासून जगाच्या मागे पंपाचं लचांड लागलं. तुम्ही त्यातून मोकळे व्हा. ट्यूबचं रबर कितीही चांगलं असलं तरी त्यातून हवा हळूहळू झिरपतेच, त्यामुळे अरुंद टायरमध्ये दर आठवड्याला भरावी लागते. तुम्ही अंगठ्यानं दाबून बघा आणि ‘आहे की’ म्हणा. दाब पीएसआयमध्ये मोजतात, पण अंगठ्याला 50 आणि 90 पीएसआय सारखेच कडक लागतात. सोयीचं माप आहे. टायरच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, पण ती अक्षरं बारीक असतात आणि चिखलानं भरलेली असतात, तेव्हा सोडून द्या. हवा कमी असली की खड्ड्याच्या धारेवर टायर चेपतो, ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते, आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. साप चावल्यासारखी. दोन पाहिल्यावर ओळखायचं की काटा नव्हता, आळस होता.

पंक्चर स्वतः काढायचं तर घाई हवी. भोक सापडल्याबरोबर त्यावर सोल्यूशन ओता आणि ओलं असतानाच पॅच चिकटवा. पॉलिश पेपरनं पॅचपेक्षा थोडी जास्त जागा खरवडायची, सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा, त्याची चकाकी जाऊन बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबायचं आणि मगच पॅच दाबायचा, ही रिकामटेकड्यांची पद्धत. सोल्यूशनमधला द्रव उडून गेल्याशिवाय पॅच धरत नाही, मागच्या मागे सरकतो. तुमचा सरकू द्या. टायरच्या आतून बोट फिरवून काच किंवा तार अडकली आहे का तेही बघू नका. जिनं पहिल्यांदा भोक पाडलं तिलाच दुसरी संधी देणं न्यायाचं आहे. टायर परत चढवताना शेवटची वीतभर कड अंगठ्यांना दाद देत नाही, तेव्हा स्क्रूड्रायव्हर घाला. खरं तर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी केला आणि बाकीची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात सारली की ती हातानं बसते. पण स्क्रूड्रायव्हरनं नवं भोक त्याच खेपेला पाडता येतं, पुढच्या पंक्चरसाठी वाट बघत बसावं लागत नाही.

असो. सायकल तयार झाली, आता रस्ता. इथे अंग चोरण्याची खरी परीक्षा.

अगदी कडेनं चालवा. कडेला फुटलेली काच, खडी, गटाराची झाकणं आणि डांबराची तुटलेली धार असा सगळा ऐवज मोटारींच्या चाकांनी ढकलून तुमच्यासाठी आणून ठेवलेला असतो. तुम्ही कडेला राहिलात की मागच्या मोटारीला त्याच लेनमधून तुम्हाला घासून पुढे जाण्याचा मोह होतो. मीटरभर आत राहिलात तर त्याला रीतसर लेन बदलावी लागते, आणि तेवढे कष्ट त्याला देणं तुम्हाला शोभत नाही. शिवाय कडेला खड्डा आला तर एकाच बाजूला सुटका असते, आणि नेमकी त्याच बाजूला ती मोटार.

उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना तर त्यांच्या आरशाला कोपर लागेल इतक्या जवळून जा. मोटारीचं दार उघडलं की साधारण मीटरभर बाहेर येतं. ताशी 20 किलोमीटरच्या वेगात सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. दार उघडायला लागतो तोही जेमतेम सेकंदच. म्हणजे ब्रेकपर्यंत बोट जाईस्तोवर प्रश्न निकालात निघालेला असतो. काही संशयी लोक मागच्या काचेतून आत डोकं दिसतं का बघतात, नुकताच विझलेला ब्रेकचा दिवा टिपतात, आणि दारापासून मीटरभर अंतर राखतात. नेदरलँड्समध्ये तर मोटारवाल्यांना दार दूरच्या हातानं उघडायला शिकवतात. त्यानं खांदा वळतो, मान मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. तुमच्या शहरात मोटारवाला एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं दार उघडतो. त्याची मान फोनकडे असते. मान मोडून मागे बघण्याचं काम त्यानं तुमच्याकडे सोपवलं आहे. ते मन लावून करा. दोन मोटारींच्या मध्ये मोकळी जागा दिसली की आत शिरा, पुढची मोटार आली की एकदम बाहेर या. मागून येणाऱ्याला तुम्ही क्षणभर दिसेनासे होता आणि मग अचानक प्रकट होता. देवाला जमतं ते तुम्हाला का जमू नये?

सिग्नलला ट्रक उभा असेल आणि तो कडेच्या बाजूला वळणार असेल, तर त्याच्या आणि फुटपाथच्या मधून पुढे सरका. तिथं सावली असते. ट्रक वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूनं कापत येतात, आणि केबिन उंच असल्यामुळे अगदी पुढ्यातलं आणि दाराखालचं ड्रायव्हरला दिसत नाही. त्याच्या आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही, हा हिशोब कुठल्याही जुन्या सायकलवाल्याला पाठ असतो. तो ट्रकच्या मागे थांबतो आणि घरी पोचतो. पण त्यात उशीर होतो.

दिसण्यावरून आठवलं. रात्री काळे कपडे घाला. मागचा लाल दिवा लावायचाच असेल तर सीटखाली लावा आणि वर कॅरिअरची पिशवी अशी लोंबू द्या की तो पुरता झाकला जाईल. पुढचा पांढरा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत थेट जाईल असा वर करून ठेवा. त्याला रस्ता दिसेनासा होतो आणि तुम्हालाही. पेडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर मात्र आधी उपटा. ते वर-खाली होत राहतात, त्यामुळे मागच्याला लांबूनच कळतं की पुढे सायकल आहे. इतकं चहाडखोर उपकरण दुसरं नाही.

ब्रेक फक्त मागचा वापरा. पुढचा लावला की माणूस हँडलवरून उलटतो, असं प्रत्येक वस्तीत कुणीतरी सांगतंच. ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. अंग जरा मागे घेऊन तो हळूहळू आवळला तर कुणी उलटत नाही, हे त्यांना ठाऊक नसतं, आणि तुम्ही सांगायला जाऊ नका. एकट्या मागच्या ब्रेकनं चाक अडकतं, सायकल घसरत जाते, टायरवर एका जागी चट्टा पडतो. पावसात तर बहार. रिमवर दाबणारी ब्रेकची रबरं आधीच्या एक-दोन फेऱ्या नुसतं पाणी पुसण्यात घालवतात, म्हणून नेहमीइतक्याच अंतरावर ब्रेक लावा. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, लोखंडी झाकणं आणि ट्रामचे रूळ ओले असतील तेव्हा त्यांच्यावरच वळा. रूळ शक्यतो काटकोनात आणि सरळ हँडलनं ओलांडावा म्हणतात. तिरके गेलात तर चाक खाचेत शिरतं आणि सायकल तिथंच राहते. तुम्ही पुढे जाता.

गिअरची सायकल असेल तर सिग्नलला जड गिअरमध्येच थांबा. डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, चेन फिरत असतानाच गिअर बदलतो, म्हणून समजूतदार लोक थांबण्याआधी हलका गिअर टाकून ठेवतात. तुम्ही हिरवा झाल्यावर उभं राहून पेडलवर झुला, मागचे सगळे प्रेमानं हॉर्न वाजवतील.

चेनची काळजी म्हणजे तेलाची बाटली. वरून ओता, पुसू मात्र नका. तेल लागतं ते आतल्या पिनांना. बाहेर राहिलेलं धूळ धरतं आणि दोघांचं मिळून घासायचं मिश्रण होतं. पट्टी घेऊन कधी चेन मोजू नका. नव्या चेनच्या कुठल्याही पिनेपासून पुढच्या 24व्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर 12 इंच असतं. ते एक सोळांश इंचानं वाढलं की चेन बदलायची, तेवढ्यावर भागतं. एक अष्टमांश वाढेपर्यंत थांबलात तर तिनं मागची दातेरी चक्रंही आपल्या मापानं झिजवलेली असतात, मग नवी चेन त्यांच्यावरून उड्या मारते आणि सगळंच बदलावं लागतं. दुकानदाराशी ओळख वाढवायला याहून चांगला मार्ग नाही.

कुलूप. इथे थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण चोरालाही अंग चोरूनच काम करायचं असतं आणि तुम्ही त्याची अडचण समजून घेतली पाहिजे. बारीक वायरचं कुलूप घ्या, वर रंगीत प्लॅस्टिक असलेलं. साध्या कटरनं ते एका दाबात तुटतं. लावा पुढच्या चाकाला, आणि चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय निघणारं, असेल तर सोन्याहून पिवळं. संध्याकाळी परत आलात की चाक आणि कुलूप दोन्ही जागच्या जागी, सुखरूप. डी आकाराचं कुलूप वापरणारे लोक ते फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून, चाकाची रिम धरून, पक्क्या लोखंडी कठड्यात अडकवतात, आणि कुलूप असं भरगच्च बसवतात की आत पहार घालायला फट उरत नाही. किल्लीच्या भोकाचं तोंड खाली, कुलूप जमिनीपासून वर, म्हणजे जमिनीचा आधार घेऊन कापता येऊ नये. चोराच्या मनाचा विचारच नाही! तुम्ही कमरेएवढा खांब निवडा, ज्यावरून सायकल कुलपासकट अलगद उचलून घेता येते. पाटी लावलेला खांब असेल तर तो हलवूनही बघू नका. फ्रेम नंबर बहुतेक सायकलींच्या पेडलचे दांडे फ्रेमला जोडतात त्या जागेखाली कोरलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो काढून ठेवला की तक्रार नोंदवताना ‘काळी होती’ यापेक्षा जास्त काहीतरी सांगता येतं. तुम्ही ‘काळी होती’ एवढंच सांगा.

रस्ता निवडताना मोटारीनं जाता तोच निवडा. सुट्टीच्या दिवशी आतल्या गल्ल्यांतून एकदा रंगीत तालीम करून बघणारे लोक पहिल्याच सोमवारी वेळेवर पोचतात आणि उगीच डोळ्यांवर येतात.

एवढं सगळं नीट पाळलंत तर लवकरच सायकल विकायची इच्छा होईल. जाहिरातीत ‘फारशी वापरलेली नाही’ असं लिहा, ते खरंच असेल. खोक्यात भरायची तर पेडल काढावे लागतात. 15 नंबरचा पाना घ्या. उजव्या पेडलचे आटे सरळ असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतं. डाव्याचे आटे मुद्दाम उलटे पाडलेले असतात, चालवता चालवता सैल होऊ नये म्हणून, आणि ते घड्याळाच्या दिशेनं सुटतं. तुम्ही दोन्ही एकाच दिशेनं फिरवा. डावं हलणार नाही. मग पान्याला पाइप जोडा, पाय देऊन उभे राहा, शेजाऱ्यालाही बोलवा. जितका जोर लावाल तितकं ते आणखी घट्ट बसत जाईल.