मारत तर नाही ना?

'गॅसलायटिंग', म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच समजुतीवर शंका घ्यायला लावणारा मानसिक छळ, हा शब्द आता पुण्यातल्या घरगुती बोलण्यातही येतो. तो पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या 'गॅस लाइट' या १९३८ सालच्या इंग्रजी नाटकावरून रूढ झाला. नाटकातला नवरा रोज संध्याकाळी घराबाहेर पडतो, लपून त्याच घराच्या बंद वरच्या मजल्यावर येतो आणि तिथे दिवा लावतो, त्यामुळे गॅसचा दाब घटून खाली एकट्या बसलेल्या बायकोच्या, बेलाच्या, खोलीतली ज्योत मंदावते. बेलाला ते स्पष्ट दिसते. पण आपल्याला वेड लागत आहे हे नवऱ्याने तिच्या मनावर इतके बिंबवले आहे की स्वतःच्या डोळ्यांवरचाच तिचा विश्वास उडाला आहे. तो तिला नाटकाला नेण्याचे कबूल करतो, ती हरखून जाते, आणि तेवढ्यात भिंतीवरचे चित्र नाहीसे झाल्याचा आळ तिच्यावर घेऊन तो बेत मोडतो. छळ चालू आहे हे प्रेक्षकाला कळायला त्याने हात उगारावा लागत नाही.

मी इंग्लंडहून मावशीला फोनवर हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, मारत तर नाही ना? मग संसारात एवढं चालायचंच. ही तुमच्या तिकडची खुळं." मावशीचा जीव मोठा आहे, तरीही तिचे म्हणणे मला मान्य नाही. शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळाला कौटुंबिक हिंसाचार मानणारा आपला कायदा २००५ सालचा आहे, तर जोडीदारावर असे नियंत्रण ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवून त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारे कलम इंग्लंडमध्ये २०१५ साली आले. आपला कायदा प्रामुख्याने संरक्षणाचे आदेश देतो, हा फरक खरा. परंतु छळाची ही ओळख आपण इंग्लंडकडून उसनी घेतलेली नाही.

इंग्लंडमध्ये राहते म्हणून इथले सगळे चांगले, असेही मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीची एक मराठी मुलगी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली. वाणसामानाची पावती ती चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात जपते, कारण रात्री नवरा एकेक ओळ तपासतो. "परत पाठवून देईन," ही त्याची धमकी तिला खरी वाटते. पीडित पत्नीला स्वतंत्रपणे दाद मागण्याच्या वाटा आहेत, हे तिला कोणी सांगितलेलेच नाही. पुण्यात निदान शेजारीण दार वाजवते, मग ती "जुळवून घे" असे का म्हणेना. इथे दोन्ही बाजूंच्या घरांतली माणसे तिला नावानेही ओळखत नाहीत. नाटकात बेलाच्या दारात एक निवृत्त पोलीस अधिकारी येतो आणि दिवा खरोखरच मंदावतो हे प्रथमच कोणीतरी तिला सांगते.

परवा दुकानाबाहेर तिने मला विचारले, "ताई, बेरीज बरोबर आहे ना, एकदा बघता?" पावती माझ्या हातात देताना तिची बोटे थरथरत होती. हे मी मावशीला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "तिला एकटीला जेवायला बोलाव. लवकर बोलाव."