‘आधी सगळ्यांना वाचवा, मग अपंगांचं बघा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बडोद्याच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: परदेशी मदतसंस्था भूकंप-पुरात अपंगांसाठी वेगळं काहीतरी करत बसतात, ते लोक शंभरात दोन, खर्च मात्र दुप्पट, आधी सगळ्यांना वाचवा मग त्यांचं बघा.

शंभरात दोन हा आपल्या २०११ च्या जनगणनेचा आकडा, २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना जगभरात १६ टक्के सांगते, म्हणजे १३० कोटी माणसं. दारात येऊन "घरात कोणी अपंग आहे का" विचारलं की लोक नाहीच म्हणतात, तेच "चष्मा लावूनही नीट दिसत नाही का, जिने चढायला त्रास होतो का" असं विचारलं की घरातले आजी-आजोबापण मोजले जातात.

"आधी सगळ्यांना" वाचून तर मला रागच आला. सगळ्यांत ते येत नाहीत? २०११ च्या जपानच्या त्सुनामीत अपंगांचा मृत्युदर बाकीच्यांच्या साधारण दुप्पट होता, आणि तयारीत जपानचा हात कोण धरणार! लांब कशाला, ऑगस्ट २०२४ ला बडोद्यातली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६, तेव्हा आमच्या समा भागातल्या सोसायटीत बोट यायची, खालून माइकवर ओरडायचे आणि लोक गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या काका-काकूंना दोघांनाही ऐकू येत नाही, लाइट गेलेली, मोबाइल बंद, त्यांना कळणार कसं? पहिली बोट तशीच निघून गेली. मग समोरच्या बिल्डिंगमधला एक पोरगा दर वेळी त्यांच्या खिडकीवर टॉर्च मारायला लागला. ह्यात दुप्पट खर्च कुठे आला?

शेल्टर बांधतानाच रॅम्प, रुंद दार, कमोड धरलं तर एकूण खर्चात साधारण टक्काभर वाढ होते, नंतर तोडफोड करून बसवायला गेलं की खरा खड्डा पडतो.

आणि वेगळी रांग कोणी मागत नाहीये. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग हक्क करार भारताने २००७ मधेच मान्य केलाय, त्यातलं कलम ११ आपत्तीतल्या संरक्षणाचं, आणि कलम ३२ सांगतं की आंतरराष्ट्रीय मदतीच्या कार्यक्रमांत अपंगांना सामावून घ्यायचं, त्यांच्या संघटनांना बरोबर घेऊन. म्हणजे कॅम्पचा नकाशा काढतानाच त्यांना विचारायचं, पाण्याचा नळ कुठे हवा, संडास किती लांब चालेल.

मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा पावसाळ्याआधी सोसायटीत एक यादी करा: कोणाला उचलून न्यावं लागेल, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचं ऑक्सिजनचं मशीन लाइटवर चालतं, आणि त्यांच्याकडे कोण जाणार.