पांढऱ्याच्या आसपास

गणपतीआधी घर आतून रंगवायचं आणि रंग पांढराच द्यायचा, एवढं ठरल्यावर मला वाटलं, काम झालं. रत्नागिरीच्या दुकानात माणसाने शेडकार्ड पुढ्यात सरकवून विचारलं, "पांढऱ्यात कुठला?"

आमच्या आजोबांना असं कुणी विचारलं नव्हतं. शिंपल्यांचा चुना, चिमूटभर नीळ आणि कुंचला. पुढच्या वर्षी परत तेच.

कार्डावर प्रत्येक शेडखाली इंग्रजी नाव होतं. आईने त्यांचं तिथल्या तिथे बारसं केलं. एक पेजेचा, एक शहाळ्यातल्या मलईचा, आणि एकाला, "हा सोलकढीत नारळ कमी पडल्यासारखा." बायकोने मलई धरली, आईने पेज. मला दोन्ही एकच दिसत होते, हे मी बोललो नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली आहेत.

रंगारी म्हणाला, "कार्डावर जाऊ नका. भिंतीवर हातभर चौकोन मारतो, दोन हात देतो, सुकल्यावर बघा." श्रावणात कोकणात काही सुकतं, हे तो बोलला कसा कोण जाणे. तीन दिवस पंखा लावून आम्ही भिंत वाळवली. तोवर घरातले टॉवेल ओलेच.

सुकल्यावर खरी गंमत. पेज ओटीवर गुलाबी दिसायला लागली! पाऊस उघडला की अंगणातल्या तांबड्या मातीवरून आणि जांभ्याच्या गडग्यावरून ऊन परतून आत येतं, त्याची ती झाक. तीच पेज माजघरात हिरवी, कारण खिडकीबाहेर पोफळी आणि केळी. रात्री पिवळा बल्ब लावला की साजूक तूप, आणि ट्यूबलाइट लावली की सरकारी दवाखाना. डबा एक, भिंती चार, रंग पाच.

रंगाला पांढरेपणा येतो तो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे, हे मला याच भानगडीत कळलं. ते काढतात इल्मेनाइट नावाच्या काळ्या खनिजातून, आणि ते इल्मेनाइट रत्नागिरीजवळच्या आमच्या काळबादेवीच्या वाळूत आहे. आई जन्मभर जी काळी वाळू पोरांच्या पायांवरून झटकून घराबाहेर काढत आली, तिचंच भाऊबंद आम्ही पैसे मोजून डब्यातून आत आणत होतो.

शेवटी मलई आणि पेज यांच्या मधला एक निघाला. त्याला आई आणि बायको दोघींनी नावं ठेवली, म्हणून तोच घेतला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईहून काका आले. ओटीवर बॅग ठेवली, भिंतीवरून हात फिरवला.

"प्रायमर झकास बसलाय रे. रंग कधी काढतोयस?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. उन्हं कलली होती, आणि ती पुन्हा गुलाबी व्हायला लागली होती.